पीएचपीतून सर्व्हरची सेटिंग वाचता येते, मग बदलता का येत नाही? (आणि पिग्मीच्या ओळी कुठं जातात?)

निपाणी_नाका लिहितो:

नमस्कार मंडळी. निपाणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच्या जोडीला इथल्या एका सौहार्द (सहकारी) सोसायटीचं वेबवरचं काम बघतो. सर्व्हर भाड्याचा. उबुंटू २२.०४ (लिनक्स), त्यावर एनजिनएक्स (ब्राउझरची मागणी आधी घेणारा वेब सर्व्हर) आणि पीएचपी-एफपीएम ८.१ (वेबसाइटसाठी पीएचपी चालवणारा). हे सगळं आधी दुसऱ्या एकानं बसवलेलं, तो आता पुण्याला गेला आणि फोन उचलत नाही.

अडचण अशी. शाखांमधून कर्जाची कागदपत्रं स्कॅन करून चढवतात. पहाणीचा उतारा, बोजाचा दाखला, जामीनदारांचे आधार, सगळं एका पीडीएफमध्ये. फाइल पाच-सहा एमबीची होते आणि चढत नाही, एरर कोड १ (फाइल ठरलेल्या मापापेक्षा मोठी) येतो. म्हणून मी पानाच्या अगदी पहिल्या ओळीत इनी_सेट (स्क्रिप्टमधून सेटिंग बदलणारं फंक्शन) वापरून अपलोड_मॅक्स_फाइलसाइज २० एम, म्हणजे २० एमबी, केलं. इनी_सेट सरळ फॉल्स परत देतं. खाली इनी_गेटनं वाचलं तर २ एमच. पण त्याच पद्धतीनं मेमरी_लिमिट मात्र बदलतं! एकाला परवानगी, दुसऱ्याला नाही, हा काय न्याय?

त्यात आणखी गंमत. टर्मिनलवर पीएचपी -आय मारलं तर तिथं अपलोडची मर्यादा २० एम दाखवतो. ब्राउझरमध्ये २ एम. सर्व्हर एकच, पीएचपी एकच.

दुसरं दुखणं पिग्मीचं, म्हणजे रोजच्या छोट्या ठेवीचं. एजंट महिनाअखेरीला सगळ्या खात्यांची यादी एका पानावर उघडतो, भरतो आणि सेव्ह मारतो. एका एजंटाची ४०० खाती आहेत. त्याच्या ३३३ ओळी सेव्ह होतात, पुढच्या नाहीत. एरर नाही, काही नाही, हिरव्या रंगात 'जमा झाले' येतं. तो एजंट तंबाखूच्या वखारीतनं, भाजीवाल्यांकडनं रोज दहा-वीस रुपये गोळा करणारा माणूस. काउंटरवर उभा राहून म्हणतो, तुमच्या मशीननं माझे पैसे खाल्ले.

आता सेक्रेटरींचं म्हणणं असं आहे की ॲडमिनमध्ये एक 'सेटिंग' पान करून द्या, आमचे आम्ही माप वाढवून घेतो, दर वेळी तुम्हाला कशाला फोन. पीएचपीतून पीएचपी.इनी (पीएचपीच्या सेटिंगची) फाइल लिहून सर्व्हर रिलोड करता येतो का? कसं करायचं सांगा बघू. गडबड नाही, पण महिनाअखेर जवळ आलीय.

---

खानापूर_लोकल लिहितो:

सोप्पं आहे की. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा या वेब सर्व्हरच्या युजरला पासवर्ड न विचारता सुडो (रूटचे, म्हणजे मशीनच्या मालकाचे अधिकार) द्या. पीएचपीतून शेल_एक्झेकनं कमांड मारायची, सेडनं (मजकूर शोधून बदलणारी कमांड) इनी फाइलमधला २ एम काढून २० एम घालायचं, आणि सिस्टमसीटीएल रिलोड. तीन ओळींचं काम. आमच्याकडं कित्येक वर्षं असंच चालू आहे, काही झालेलं नाही.

---

अनगोळची_अक्का लिहिते:

खानापूरचे काका, तुमचं काही झालं नाही हे ऐकून बरं वाटलं. पण लोकांचा पैसा जिथं आहे तिथं हा सल्ला देऊ नका. वेब सर्व्हरच्या युजरला बिनपासवर्डाचा सुडो म्हणजे उद्या त्या साइटच्या कुठल्याही एका पानात भोक सापडलं की आख्खी मशीन त्या माणसाची. आणि सेडबद्दल बोलायचं तर, फाइलमध्ये २ एम कुठं कुठं आहे हे सेडला कळत नाही. तुम्हाला हवं ते एक बदलतं आणि नको ती दोन बदलतात.

निपाणीकर, तुमच्याकडं वळते. तुमचे प्रश्न वेगवेगळे दिसतात, पण मला विचाराल तर प्रश्न एकच आहे: सेटिंग कुणाची, आणि ती कधी वाचली जाते. हे धरलंत की बाकीचं आपोआप उलगडतं.

वाचण्यापासून सुरू करू. फाइल उघडून बघू नका, चालू असलेल्या प्रोसेसला विचारा. एक छोटं पान करा, ब्राउझरमधनं उघडा (टर्मिनलवरनं नव्हे), आणि त्यात तीन गोष्टी छापा: पीएचपी_एसएपीआय_नेम (पीएचपी कुठल्या रूपात चालतंय), पीएचपी_इनी_लोडेड_फाइल (मुख्य इनी कुठली) आणि पीएचपी_इनी_स्कॅन्ड_फाइल्स (जोडीच्या इनी कुठल्या). उबुंटूवर पीएचपी.इनी एक नसते. ईटीसी/पीएचपी/८.१ च्या आत सीएलआय नावाच्या फोल्डरात एक आणि एफपीएम नावाच्या फोल्डरात दुसरी. टर्मिनल पहिली वाचतं, वेबसाइट दुसरी. तुमच्या आधीच्या माणसानं २० एम कुठं केलं असेल ते आता तुम्हीच सांगा. त्यामुळं टर्मिनलवरचं उत्तर वेबसाइटला लागू धरायचंच नाही. तिथं स्क्रिप्ट चालण्याची वेळमर्यादासुद्धा शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. ब्राउझरमधून आलेल्या स्क्रिप्टला ३० सेकंद असतात.

काम झालं की ते पान पुसून टाका. तसंच ठेवलेलं सेटिंग छापणारं पान म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला घराचा नकाशा.

आता तुमचा 'काय न्याय' वाला प्रश्न. पान पुसायच्या आधी त्यावरच इनी_गेट_ऑल चालवा. प्रत्येक सेटिंगसमोर तीन गोष्टी मिळतील: मूळ किंमत, सध्याची किंमत आणि ॲक्सेस नावाचा एक आकडा. या आकड्याकडं कुणी बघत नाही आणि सगळं त्यातच आहे. १ म्हणजे स्क्रिप्टमधून बदलता येते, २ म्हणजे फोल्डरच्या पातळीवर, ४ म्हणजे मुख्य कॉन्फिगमधून. बेरीज करून वाचायचं. मेमरी_लिमिटसमोर ७ दिसेल, म्हणजे कुठूनही बदला. अपलोड_मॅक्स_फाइलसाइजसमोर ६ दिसेल. ४ अधिक २. त्यात १ नाही, म्हणून इनी_सेट फॉल्स देतं.

आणि यात न्याय आहे बरं का. तुमची पहिली ओळ चालते तोवर फाइल येऊन, मोजून, तात्पुरत्या जागेत ठेवून किंवा फेकून झालेली असते. जेवण वाढून झाल्यावर ताटाचं माप ठरवण्यातला प्रकार आहे तो. मेमरी मात्र स्क्रिप्ट चालू असताना लागत जाते, म्हणून ती मधेच वाढवू देतात.

एक सापळा आत्ताच सांगून ठेवते, कारण तुम्ही त्यात पडणार. अपलोडचं माप वाढवाल आणि पोस्ट_मॅक्स_साइज (पूर्ण फॉर्मचं माप) तसंच ८ एमवर ठेवाल. मग दहा एमबीची फाइल आली की एरर कोड १ सुद्धा येत नाही. पोस्ट आणि फाइल्स, दोन्ही ॲरे (फॉर्मच्या फील्डांची आणि फाइलींची यादी) रिकाम्या येतात, आणि तुमच्या पानाला वाटतं कुणी कोरा फॉर्म पाठवला. म्हणून पोस्टचं माप नेहमी अपलोडच्या मापापेक्षा चार बोटं जास्त ठेवायचं. आणि पानात तपासायचं: कंटेंट_लेंग्थ (पाठवलेल्या मजकुराची लांबी) शून्यापेक्षा मोठी आणि पोस्ट रिकामी, तर 'फाइल फार मोठी आहे' असं स्पष्ट सांगायचं. मराठीतही आणि कन्नडमध्येही, कारण तुमच्या शाखांत दोन्ही वाचणारे बसतात.

आता पिग्मी. हे वाचताना मला मजा आली, कारण तुम्ही ३३३ हा आकडा लिहिलात म्हणून पाच मिनिटांत कळलं. प्रत्येक ओळीत फील्ड तीन असणार: खाते नंबर, रक्कम, तारीख. बरोबर? आणि फॉर्मच्या सुरुवातीला एक लपवलेलं टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरचा आहे हे ओळखायची खूण). पीएचपीत मॅक्स_इनपुट_व्हार्स नावाची मर्यादा आहे, डिफॉल्ट १०००. टोकन एक, राहिले ९९९, भागिले तीन, बरोबर ३३३. चारशे ओळींचे १२०० फील्ड आणि एक टोकन येतात, त्यातले १००१ पासूनचे पीएचपी गपचूप टाकून देतं. एरर लॉगमध्ये एक वॉर्निंग पडते, तेवढंच. ही मर्यादा २०१२ साली ५.३.९ मध्ये आली. एकाच हॅशवर (नावावरून काढलेल्या आतल्या नंबरवर) आदळणारी हजारो नावं फॉर्ममधून पाठवून सर्व्हर झोपवता येतो, हे तेव्हा उघड झालं होतं, म्हणून. मर्यादा योग्य आहे. चूक आहे ती मोजदाद न करता हिरवं 'जमा झाले' दाखवण्यात.

यावर नुसती मर्यादा ३००० करू नका. करा, पण त्यावर थांबू नका. उद्या तोच एजंट हजार खाती घेऊन येईल. दोन गोष्टी करा. सगळ्या ओळी ब्राउझरमध्येच जेसन (एकाच मजकुरात बांधलेली यादी) करून एका फील्डात पाठवा, म्हणजे चारशे असोत की चार हजार, पीएचपीच्या हिशेबात ते एकच. आणि फॉर्मच्या अगदी सुरुवातीला ओळींची संख्या पाठवा. सर्व्हरवर आलेल्या ओळी आणि ही संख्या जुळली नाही तर काहीच सेव्ह करायचं नाही, पूर्ण फॉर्म परत. पैशाच्या कामात अर्धं जमा होणं हे अजिबात जमा न होण्यापेक्षा वाईट. एजंटाचं भांडण त्यावरूनच आहे, आणि तो खरा आहे.

राहिलं ते सेटिंगचं पान. पान द्या सेक्रेटरींना, का नाही. पण त्या पानाला कॉन्फिग फाइल लिहू देऊ नका. पानानं फक्त 'आम्हाला २० हवेत' एवढी मागणी डेटाबेसच्या एका टेबलात लिहायची. दुसरीकडं रूटच्या क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) दर पाच मिनिटांनी एक स्क्रिप्ट. ती टेबल वाचते, आणि फक्त तीनच नावं ओळखते: अपलोड, पोस्ट, इनपुट_व्हार्स. चौथं नाव आलं तर दुर्लक्ष. आकडा ठरलेल्या हद्दीबाहेरचा असला तरी दुर्लक्ष. वेबच्या बाजूनं कुणी घुसलंच तर या वाटेनं फार तर अपलोडचं माप पाचाचं वीस करेल, त्याहून जास्त काही नाही.

ती स्क्रिप्ट जुनी फाइल 'दुरुस्त' करत नाही, नवी पूर्ण लिहिते. एफपीएमच्या पूल.डी फोल्डरात या सोसायटीचा वेगळा पूल (या साइटपुरता पीएचपी प्रोसेसचा गट, स्वतःच्या सेटिंगसह) करा, त्याचा एक नमुना ठेवा आणि आकडे त्यात भरा. पीएचपी_ॲडमिन_व्हॅल्यू वापरा, म्हणजे साइटमधलं कुठलंही पान इनी_सेटनं किंवा .युजर.इनीनं (साइटच्या फोल्डरात ठेवायची सेटिंगची फाइल) ते उलटवू शकत नाही. नवी फाइल आधी दुसऱ्या नावानं लिहायची, मग रीनेम करून जागेवर बसवायची, म्हणजे अर्धवट लिहिलेली फाइल कधी कुणाला दिसत नाही. मग पीएचपी-एफपीएम८.१ -टी मारून तपासणी. पास झालं तर रिलोड. नापास झालं तर जुनी फाइल परत जागेवर आणि तुम्हाला मेल. रिलोड होईपर्यंत चालू सर्व्हर जुन्याच सेटिंगवर असतो, त्यामुळं या मधल्या वेळात कुणाचं काही अडत नाही.

जुनी प्रत कुठं ठेवायची? पूल.डी मध्ये नाही! तिथलं .कॉन्फनं संपणारं सगळं वाचलं जातं. 'जुनी-सोसायटी.कॉन्फ' ठेवलीत तर तोच पूल दोनदा, तोच सॉकेट दोनदा, आणि रविवारी सकाळी तुम्ही दुकान उघडून बसलेले.

रिलोडबद्दल अजून एक. एफपीएममध्ये प्रोसेस_कंट्रोल_टाइमआउट डिफॉल्टनं शून्य असतो. तसाच ठेवला तर रिलोडच्या क्षणी ज्याचा फॉर्म अर्ध्यावर आहे त्याचं काम तुटतं. दहा सेकंद करा, चालू कामं संपायला वेळ मिळतो.

एवढा खटाटोप नको असेल तर .युजर.इनी आहे. फाइल चढवायचं पान ज्या फोल्डरात आहे तिथं ठेवायची. ॲक्सेसमध्ये २ असलेल्या सेटिंग त्यात चालतात, रिलोड लागत नाही. मात्र पीएचपी ती ३०० सेकंद लक्षात ठेवतं, म्हणून बदल केल्या केल्या दिसला नाही तर डोक्याला हात लावून बसू नका, चहा पिऊन या. आणि एनजिनएक्समध्ये टिंबानं सुरू होणाऱ्या फाइली बाहेर द्यायच्या नाहीत असं लिहा, नाहीतर ती कुणालाही ब्राउझरमध्ये उघडून वाचता येते. सोसायटीसाठी मी पूलचाच मार्ग घेईन.

---

चिकोडी_विंडोज लिहितो:

अक्कांनी लिनक्सचं सगळं सांगितलं. आमच्याकडं ऊस तोडणीच्या नोंदीचं काम विंडोजवर आहे, आयआयएस (विंडोजचा वेब सर्व्हर). कुणाला उपयोगी पडेल म्हणून थोडक्यात लिहितो.

आयआयएस ६ पर्यंत मेटाबेस (सगळ्या सेटिंगचा एकच साठा) होता. २००८ च्या सर्व्हरबरोबर आयआयएस ७ आला आणि सगळं .कॉन्फिग नावाच्या एक्सएमएल फाइलींत गेलं. मुख्य फाइल ॲप्लिकेशनहोस्ट.कॉन्फिग, आणि प्रत्येक साइटची स्वतःची वेब.कॉन्फिग. पॉवरशेलमध्ये वेबॲडमिनिस्ट्रेशन मॉड्यूल घेतलं की गेट-वेबकॉन्फिगरेशनप्रॉपर्टीनं वाचायचं आणि सेट-वेबकॉन्फिगरेशनप्रॉपर्टीनं लिहायचं. हातानं एक्सएमएल खरडायची गरज नाही.

मापाच्या बाबतीत इथंही दोन दारं आहेत. आयआयएसचं स्वतःचं मॅक्सअलाउडकंटेंटलेंग्थ, ते बाइटमध्ये, डिफॉल्ट ३,००,००,०००. आणि एएसपी.नेटचं मॅक्सरिक्वेस्टलेंग्थ, ते किलोबाइटमध्ये, डिफॉल्ट ४०९६. एक बाइटमध्ये आणि एक केबीमध्ये हे कुणाच्या डोक्यातनं आलं देव जाणे. पहिलं ओलांडलं की ब्राउझरमध्ये ४०४ दिसतो आणि माणूस फाइलचा पत्ता तपासत बसतो. लॉग उघडला तर ४०४.१३ असतं.

आणि ३२ बिटच्या एडिटरमधनं ॲप्लिकेशनहोस्ट.कॉन्फिग उघडू नका. सिस्टम३२ म्हटलं तरी विंडोज त्याला गुपचूप सिसवाव६४ मध्ये नेऊन सोडतं. तुम्ही बदल करता, सेव्ह करता, आणि आयआयएसला त्याचा पत्ताच नसतो. जुन्या प्रती मात्र तो स्वतः ठेवतो, आयनेटपब मधल्या हिस्टरी फोल्डरात, डिफॉल्टनं शेवटच्या दहा. हे मला लिनक्सवाल्यांपेक्षा बरं वाटतं.

---

अनगोळची_अक्का लिहिते:

हिस्टरीचं मान्य. आम्ही ईटीसीवर गिट (फाइलींच्या जुन्या प्रती ठेवणारं साधन) लावून तेच करतो, पण ते आपलं आपण लावावं लागतं, आयतं मिळत नाही.

---

निपाणी_नाका लिहितो:

अक्का, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ब्राउझरमध्ये एफपीएमची फाइल दाखवली, आणि आधीच्या माणसानं २० एम सीएलआयच्या फाइलीत केलेलं. फील्डही तीनच आहेत, खाते, रक्कम, तारीख! एजंटाला गणित करून दाखवलं. त्याला टोकन काय ते कळलं नाही पण ३३३ पटलं. जेसनचं काम सुरू केलंय. ओळी जुळल्या नाहीत तर फॉर्म परत, हे आधीच बसवलं, कारण ते दोन तासांत झालं.

वेगळा पूल केला, अपलोड २० एम, पोस्ट २४ एम. सहा एमबीची फाइल गेली. पण एका शाखेतून बारा एमबीचा गठ्ठा आला (घरबांधणीचं कर्ज, नकाशासकट) आणि पांढऱ्या पानावर ४१३ (मागणी फार मोठी) आलं. एरर लॉगमध्ये पीएचपीचं काहीच नाही. इनी_गेट २० एम दाखवतंय. आता?

---

अनगोळची_अक्का लिहिते:

त्या पांढऱ्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात एनजिनएक्स लिहिलेलं असेल. फाइल पीएचपीपर्यंत पोचलीच नाही, मग त्याच्या लॉगमध्ये काय येणार? दारावरच अडवली. एनजिनएक्सच्या सेटिंगचं नाव क्लायंट_मॅक्स_बॉडी_साइज. डिफॉल्ट १ एम असतं, पण तुमची सहा एमबीची फाइल गेली म्हणजे कुणीतरी ते आधीच वाढवलेलं आहे. बहुतेक ८ किंवा १० असेल.

ते पीएचपीतून वाचता येत नाही. इनी_गेटला एनजिनएक्स माहीतच नाही, दोन वेगळी घरं आहेत. रूटच्या स्क्रिप्टमधनं एनजिनएक्स -टी मारा, पण टी मोठा. छोट्या टीनं फक्त तपासणी होते. मोठ्या टीनं तपासणी होऊन वर सगळ्या इन्क्लूड केलेल्या फाइलींसकट पूर्ण कॉन्फिग छापून मिळतं, कुठली ओळ कुठल्या फाइलीतली तेही दिसतं. त्यात शोधा. ही सेटिंग एचटीटीपी (सगळ्या साइट), सर्व्हर (एक साइट) आणि लोकेशन (साइटमधला एक पत्ता) अशा तिन्ही पातळ्यांवर लिहिता येते आणि आतली पातळी जिंकते. म्हणून वर एचटीटीपीत २४ करून भागेलच असं नाही, आत कुठं ८ लिहिलेलं असलं तर तेच चालेल.

मी असती तर फक्त कागदपत्रं चढवायच्या पानाच्या लोकेशनमध्ये २४ एम दिलं असतं. लॉगिनच्या पानाला २४ एमबी कशाला लागतात?

आणि इथंही प्रतींचा तोच सापळा, उलट इथं जास्त वाईट. एनजिनएक्सच्या साइट्स-एनेबल्ड फोल्डरातलं सगळं वाचलं जातं, शेवटी काय आहे हे बघतच नाही. सोसायटी.बॅक म्हणून ठेवलेली फाइलसुद्धा चालू होते. -टी मध्ये 'कॉन्फ्लिक्टिंग सर्व्हर नेम' अशी वॉर्निंग दिसली की समजायचं कुणीतरी तिथं प्रत ठेवलीय.

---

मच्छे_हॉस्टेल लिहितो:

अक्का, रूटची स्क्रिप्ट पायथॉनमध्ये लिहिली तर चालेल का? की पीएचपीतच लिहावी? मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, निपाणीचे दादा चालत असतील तर मी लिहून देतो, मला प्रोजेक्टला होईल.

---

निपाणी_नाका लिहितो:

चालतंय की! पैसे मात्र सोसायटी देईल असं वाटत नाही, दुकानात आलास तर वडा-चहा माझ्याकडं.

एक नवीन भानगड सांगतो. सेक्रेटरींना पान दाखवलं. त्यांनी मोबाइलवरनं मराठी कीबोर्डनं माप टाइप केलं, मराठी आकड्यांत वीस आणि पुढं एमबी. टेबलात तसंच्या तसं गेलंय. दुसऱ्या शाखेचे मॅनेजर कन्नड कीबोर्ड वापरतात, त्यांचे आकडे कन्नडमध्ये येतात.

---

अनगोळची_अक्का लिहिते:

हे बरं झालं आत्ताच कळलं. मच्छे, पायथॉनमध्ये लिही, माझी हरकत नाही. कारणही हेच आकडे. पायथॉनच्या इंटला (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) मराठी वीस दिलं तरी २० मिळतात, कन्नड दिले तरी २०. पीएचपीत तेच इंट केलं की शून्य. आणि पीएचपीत रेगेक्सला (मजकूर तपासायचा नमुना) यू, म्हणजे युनिकोड, लावून आकडे तपासले तर मराठी आकडे 'आकडा आहे' म्हणून पास होतात, आणि पुढच्याच ओळीत त्यांचं शून्य होतं. तपासणीही पास आणि किंमतही शून्य. पोस्ट_मॅक्स_साइजला शून्य म्हणजे मर्यादाच नाही! मर्यादा वाढवायला गेलात आणि दारच काढून ठेवलंत.

पायथॉनच्या भरवशावर तू तरी गाफील राहू नकोस. इंट करून आलेला आकडाच फाइलीत लिहायचा, टेबलातला मजकूर उचलून डकवायचा नाही.

'एमबी'चंही ऐका. पीएचपी मापाचं फक्त शेवटचं अक्षर बघतं. के, एम, जी ओळखतं. शेवटी बी आलं तर त्याला अर्थ लागत नाही, आणि वीस एमबी म्हणून लिहिलेलं वीस बाइट होतं. वीस बाइटमध्ये तुमच्या सोसायटीचं नावसुद्धा बसणार नाही. ८.२ पासून निदान वॉर्निंग देतं, तुमच्या ८.१ मध्ये तीही नाही. आणि एफपीएमची -टी तपासणी हे पकडत नाही, ती फाइलची मांडणी बरोबर आहे का एवढंच बघते. म्हणून रिलोडनंतर ब्राउझरच्याच वाटेनं एक छोटं पान बोलवा, इनी_गेटनं काय मिळतं ते टेबलातल्या मागणीशी ताडून बघा, आणि जुळलं तरच मागणीसमोर 'लागू' लिहा. ते पान फक्त सर्व्हरच्या स्वतःच्या पत्त्यावरून उघडेल असं करा.

पण या सगळ्याच्या आधी, सेक्रेटरींना टाइप करायला देताच कशाला? ड्रॉपडाउन द्या. ५, १०, २०. दिसायला मराठी, कन्नड काहीही असू दे, आत जाणारी किंमत तीनपैकी एक.

---

खानापूर_लोकल लिहितो:

बाईंनी माझा सुडो काढायला लावला. काल काढला. दोन ठिकाणी काम अडलं, तेव्हा कळलं की ती दोन पानं पण रूट म्हणून काय काय करत होती. एक तर बॅकअपची फाइल सरळ वेबच्या फोल्डरात टाकत होतं.

---

अनगोळची_अक्का लिहिते:

काका, ती फाइल आत्ता हलवा, उद्या नाही.

---

निपाणी_नाका लिहितो:

एनजिनएक्समध्ये एचटीटीपीच्या पातळीवर ८ एम सापडलं. लोकेशनमध्ये २४ दिलं, बारा एमबीचा गठ्ठा गेला. साइट्स-एनेबल्डमध्ये आधीच्या माणसाच्या नावाची एक जुनी फाइल पण निघाली, ती बाहेर काढली. मच्छेचा पोरगा शनिवारी येतोय.

ड्रॉपडाउन लावला. आता चेअरमन म्हणतात चौथा पर्याय ५० चा पण टाका. कशाला पाहिजे ते सांगत नाहीत.

---

अनगोळची_अक्का लिहिते:

टाका, पण मग मच्छेला सांगा की एनजिनएक्सचं लोकेशनसुद्धा त्याच स्क्रिप्टनं, त्याच आकड्यावरून लिहायचं. अपलोड ५०, पोस्ट ५५, एनजिनएक्स ६०, आणि दोन्हीच्या तपासण्या पास झाल्याशिवाय एकाचाही रिलोड नाही. नाहीतर चेअरमनांची पहिलीच फाइल ४१३ वर अडकेल आणि फोन परत तुम्हालाच. आणि पन्नास एमबी येणार असतील तर शाखेचं इंटरनेट बघा: मिनिटभर गेला आणि बाइट हलले नाहीत तर एनजिनएक्स ४०८ (वेळ संपला) देतं. त्या सेटिंगचं नाव क्लायंट_बॉडी_टाइमआउट, डिफॉल्ट ६० सेकंद. हे पूर्ण फाइलीसाठी नसतं, एका वाचनापासून पुढच्या वाचनापर्यंतच्या खंडासाठी असतं, त्यामुळं फाइल सावकाश येत असली तरी चालतं, मधेच थांबली तर मात्र तुटते.